फ्लोटिंग शेल्फ बसवताना आणि सजवताना

फ्लोटिंग शेल्फचा ब्रॅकेट (भिंतीला स्क्रूने लावायची पट्टी आणि तिच्यातून पुढे आलेल्या दांड्या) फळीच्या पोटात लपलेला असतो, म्हणून ती भिंतीतून आपोआप उगवल्यासारखी दिसते. मात्र खालून कोणताही टेकू नसल्यामुळे तिच्यावरचा सगळा भार वरच्या बाजूच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर ओढत असतो. समजा फळी २० सेंटीमीटर खोल आहे, तिच्यावर १० किलो वजन सारखे पसरले आहे आणि ब्रॅकेटच्या पट्टीचा वरचा स्क्रू तिच्या खालच्या कडेपासून ४ सेंटीमीटर उंचीवर आहे, तर वरच्या स्क्रूंवर मिळून सुमारे २५ किलोची ओढ येते. फळी ३० सेंटीमीटर खोल घेतली, की त्याच वजनाची ओढ साडेसदतीस किलोच्या घरात जाते, आणि फळीचे स्वतःचे वजन तर यात धरलेलेच नाही. त्यामुळे गरज नसताना खोल फळी घेऊ नये. सर्वसाधारण आकाराच्या पुस्तकांना २० सेंटीमीटर खोली पुरते.

फळीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, विचार भिंतीचा करावा. ड्रिल करताना लाल भुकटी आली तर आत वीट आहे, आणि राखाडी भुकटीबरोबर ड्रिल जड चालले तर बहुधा काँक्रीट आहे. या दोन्ही भिंतींत हॅमर ड्रिल आणि नायलॉनचा प्लग (भोकात बसून स्क्रूला धरून ठेवणारी नळी) चालतो, पण प्लगची पकड विटेत किंवा काँक्रीटमध्ये बसली पाहिजे. वरचा गिलावा भार धरत नाही, म्हणून गिलाव्याची जाडी सोडून उरलेल्या खोलीचाच हिशेब करावा. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत हॅमर बंद ठेवावा, नाहीतर भोक मोठे होते, आणि अशा ब्लॉकसाठी बनवलेलेच प्लग घ्यावेत. जिप्सम बोर्डच्या पार्टिशनमागे साधारण ४० ते ६० सेंटीमीटर अंतरावर उभे सांगाडे असतात. बोर्डाचे स्क्रू लोहचुंबकाने शोधले की त्यांची जागा कळते. ब्रॅकेट त्या सांगाड्यातच अडकवावा. ते जमत नसेल तर अशा भिंतीवर पुस्तकांची फळी न लावणेच शहाणपणाचे आहे.

भोक पाडण्यापूर्वी विजेच्या तारा आणि पाण्याचे पाइप कुठून गेले असतील याचा अंदाज घ्यावा. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल करू नये, तसेच पलीकडे न्हाणीघर असलेल्या भिंतीवर विशेष सावध राहावे. त्यानंतर पाणसळ लावून पेन्सिलने आडवी रेघ आखावी. खोलीचे छत किंवा फरशी पाहून रेघ ओढण्याचा मोह टाळावा, कारण ती दोन्ही क्वचितच अचूक समतल असतात.

सगळी भोके एकदम पाडू नयेत. आधी एकच भोक पाडून ब्रॅकेट सैल अडकवावा, पाणसळीने सरळ करावा आणि मग उरलेल्या भोकांच्या खुणा कराव्यात. ८ मिलिमीटरच्या प्लगला ८ मिलिमीटरचेच बिट लागते. प्लगच्या लांबीपेक्षा सुमारे १० मिलिमीटर अधिक खोलीवर बिटाला चिकटपट्टी गुंडाळली, तर कुठे थांबायचे ते कळते. भोकातली भुकटी नीट काढून टाकावी. भुकटी तशीच राहिली तर प्लग पुरता आत जात नाही, आणि गेलाच तरी घट्ट धरत नाही. हे काम बहुतेक जण घाईत वगळतात. भिंत उंचसखल असेल तर ब्रॅकेटमागे पातळ पाचर द्यावी, स्क्रू आवळावेत, फळी सरकवून बसवावी आणि खालच्या बाजूचे लॉकिंग स्क्रू असल्यास तेही लावावेत. वस्तू ठेवण्यापूर्वी पुढच्या कडेवर हाताने हळूहळू दाब देऊन पाहावे.

सजावटीतही ओढीचा तोच हिशेब लागू पडतो. जड वस्तू भिंतीला टेकून आणि ब्रॅकेटच्या दांड्यांच्या वर ठेवाव्यात, हलक्या वस्तू पुढे याव्यात. काही पुस्तके उभी आणि काही आडवी रचली, की आडव्या थप्पीवर एखादी छोटी वस्तू ठेवता येते आणि उंचीत चढउतार येतो. फळीचा निदान एक तृतीयांश भाग मोकळा सोडावा असे माझे मत आहे. गच्च भरलेली फ्लोटिंग शेल्फ साध्या मांडणीसारखीच दिसते, मग लपवलेल्या ब्रॅकेटचा खटाटोप कशासाठी? एकावर एक दोन फळ्या असतील तर मधले अंतर सर्वांत उंच वस्तूपेक्षा चार-पाच सेंटीमीटरने जास्त ठेवावे. टेकवलेल्या फ्रेमच्या तळाशी रबराचे ठिपके लावावेत. कुंडीखाली ताटली हवीच, कारण फळी एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेली) असेल तर एमडीएफ पाण्याने फुगतो आणि फुगलेली कड पूर्ववत होत नाही. पलंगाच्या उशाशी मात्र जड किंवा काचेची वस्तू ठेवू नये.

काही आठवड्यांनी फळीवर पुन्हा पाणसळ ठेवून पाहावी. पुढची कड झुकलेली दिसली तर सगळे सामान उतरवून स्क्रू आवळावेत. स्क्रूबरोबर प्लगही फिरू लागला, तर त्याच भोकात पुन्हा पुन्हा आवळत न बसता भोक मोठे करून जाड प्लग घालावा किंवा ब्रॅकेट थोडा बाजूला सरकवून भक्कम जागी नवी भोके पाडावीत.