लेपर्ड गेको काहीच खात नव्हता, शेवटी असं जमलं
मुलीच्या हट्टापायी इथे न्यू जर्सीत लेपर्ड गेकोचं (ठिपक्यांची पाळीव पाल) पिल्लू आणलं आणि ४ दिवस त्याने एकाही किड्याला तोंड लावलं नाही, जीव नुसता टांगणीला. त्याच्या काचेच्या पेटीवरचं थर्मामीटर ठीक दाखवत होतं, पण इन्फ्रारेड गनने खालची जमीन मोजली तर फक्त २४ डिग्री! याला पोटाखाली ऊब लागते हो, नाहीतर खाल्लेलं पचत नाही. मग हीट मॅटला (पेटीखालची ऊब देणारी चटई) तापमान आपोआप सांभाळणारा थर्मोस्टॅट लावून एक बाजू ३२ वर आणली, दुसरी गारच ठेवली, वाळू काढून पेपर टॉवेल अंथरला कारण वाळू पोटात जाऊन अडकू शकते, आणि कात नीट निघावी म्हणून ओलं मॉस (शेवाळ) घातलेला डबा ठेवला. ३ दिवस हातच लावला नाही. चौथ्या रात्री कॅल्शियम पावडर लावलेला रातकिडा गट्टम! किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा देऊ नका.