दावं सोडण्याआधी पाचशेची नोट तपासा

हाळी-हंडरगुळीचा बाजार असो की माळेगावची यात्रा, जनावराचा सौदा रुमालाखाली बोटांनी ठरतो. पैसे मात्र उघड्यावर आणि उजेडात मोजून घ्यावेत. गड्डी हातात पडली की आपलं सगळं लक्ष मोजणीकडे असतं, आणि खोटी नोट नेमकी गड्डीच्या मधोमध घातलेली असते. म्हणून जनावर देवणी जातीचं असो वा लाल कंधारी, नोटा बघून होईपर्यंत दावं आपल्याच हातात ठेवा.

आधी बोटं फिरवा. पाचशेच्या नोटेला समोरून डाव्या-उजव्या कडेला पाच-पाच तिरप्या रेघा असतात. त्या उठावदार असल्यामुळे अंगठ्याला खरखर लागते. दोनशेच्या नोटेला चार रेघा आणि मध्ये दोन छोटे गोल असतात. गांधीजींचं चित्र आणि अशोकस्तंभही हाताला लागले पाहिजेत. फार वापरलेल्या नोटेचा उठाव झिजतो, त्यामुळे तेवढ्यावरून ती खोटी ठरवू नका.

मग नोट तिरपी करा. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच खुणेवर. सुरक्षा धागा सरळ बघितला तर हिरवा, तिरपा केला की निळा दिसतो. खाली उजवीकडे रुपयाच्या चिन्हासह छापलेला ५०० चा आकडाही तसाच रंग बदलतो. झेरॉक्सवर किंवा चिकटवलेल्या चकचकीत पट्टीवर हा बदल साधत नाही. दिवेलागणीला पिवळ्या बल्बखाली रंग कळत नाही, तेव्हा मोबाइलची बॅटरी लावा.

आता नोट उजेडासमोर धरा. कोऱ्या भागात गांधीजींचा चेहरा आणि ५०० चं जलचिन्ह, म्हणजे कागदातली पुसट खूण, दिसतं. समोरून तुटक वाटणारा धागा इथे सलग दिसतो. नंबरातले अंक डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. एकाच नंबरच्या दोन नोटा निघाल्या, तर छपाईचं वर्ष, गव्हर्नरची सही आणि नंबराच्या पट्टीतलं छोटं अक्षर बघा; तेही सगळं सारखं असेल, तर निदान एक तरी खोटी आहेच. नंबरात तारा आहे म्हणून मात्र नोट खोटी ठरत नाही. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी रिझर्व्ह बँक अशी ताऱ्याची नोट काढते. हिरवी पट्टी, म्हणजे सुरक्षा धागा, गांधीजींच्या जवळ असली की नोट खोटी, ही निव्वळ अफवा आहे.

शंका आली तर भांडत बसू नका, ‘दुसरी द्या’ म्हणा. घरी आल्यावर खोटी निघाली तर ती किराणा दुकानात खपवायचा मोह होतो. पण खोटी आहे हे माहीत असताना चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ खाली गुन्हा आहे. ती बँकेत द्या. बँक त्यावर शिक्का मारून जप्त करते, बदली पैसे मिळत नाहीत. पावती मात्र मागून घ्या.

रक्कम मोठी असेल तर सरळ खात्यावर घ्या. फक्त समोरच्याच्या मोबाइलवरचं ‘पैसे गेले’ बघून दावं सोडू नका, आपल्या खात्यात जमा झालेले बघा.