नदीपलीकडच्या शहराचं जुनं चित्र कसं बघायचं

नदी, पलीकडे शहर, वर भरपूर आकाश. एकोणिसाव्या शतकातली अशी चित्रं म्युझियममध्ये दिसली की आपण 'छान आहे' म्हणून दोन सेकंदात पुढे सरकतो. थांबून बघायचं कसं ते एकाच चित्रावर करून बघू. रॉबर्ट डंकन्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराने १८५१ च्या आसपास काढलेलं, अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या कव्हिंग्टन गावातून दिसणारं, नदीपलीकडच्या ओहायो राज्यातलं सिनसिनाटी शहर. मूळ चित्र सिनसिनाटी म्युझियम सेंटरच्या संग्रहात आहे, नेटवर मोठी इमेज मिळते. मोबाईलवर नको, लॅपटॉपवर उघडा.

स्टेप १. शहराकडे लगेच बघू नका. आधी आपण कुठे उभे आहोत ते बघा, कारण ती जागा चित्रकाराने ठरवलेली असते आणि माझ्या मते अशा चित्रांमधलं निम्मं म्हणणं तिथेच असतं. इथे आपण अलीकडच्या टेकडीवर आहोत, म्हणजे केंटकीत, आणि केंटकीत तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. झूम करा. कपडे वाळत घालणारी कृष्णवर्णीय बाई, गवत कापायचं लांब दांड्याचं पातं घेतलेला कृष्णवर्णीय पुरुष, आणि निवांत बसलेली दोन गोरी मुलं. काम कोण करतंय आणि बसलंय कोण, एवढंच बघा, बाकी कुणी समजवायला लागत नाही.

स्टेप २. मग नदी. ही ओहायो नदी, आगबोटींचा हायवेच म्हणा ना, शहर वाढलं ते तिच्याच जिवावर. पण ती सीमासुद्धा होती, उत्तरेकडच्या, म्हणजे सिनसिनाटीच्या बाजूच्या भागात १७८७ च्या कायद्यानेच गुलामगिरीला बंदी होती, त्यामुळे गुलामीतून पळणाऱ्यांना आधी हेच पाणी ओलांडायचं असायचं. पण पळून गेलेल्याला पलीकडच्या राज्यातूनही पकडून परत आणायचा कायदा आधीपासून होताच, त्यात १८५० मध्ये नवा, आणखी कडक कायदा आला. म्हणजे हे चित्र रंगवलं जात होतं तेव्हा नदी पार केली म्हणजे सुटलो असं तर अजिबातच नव्हतं.

स्टेप ३. आता शहर. इथे आकडे शोधा, चित्र एकदम वेगळं दिसायला लागतं. १८४० ला सिनसिनाटीची लोकसंख्या ४६ हजारांच्या वर होती, १८५० ला १ लाख १५ हजारांच्या पुढे, दहा वर्षांत दुपटीहून जास्त! मोठा धंदा डुकराच्या मांसाचा, त्यावरून शहराला टोपणनावही पडलेलं. पण त्या कत्तलखान्यांचा वास या शांत चित्रात कुठे येतो का बघा. आणि पलीकडे सगळं आलबेल होतं असंही नाही हं, १८२९ आणि १८४१ मध्ये तिथे कृष्णवर्णीयांवर गोऱ्या जमावाने हल्ले केले होते.

स्टेप ४. चित्रकाराची माहिती आत्ता वाचा, आधी नको, नाहीतर आपण त्याच नजरेने बघत बसतो. डंकन्सन स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबातला, १८२१ चा जन्म, तरुणपणी सिनसिनाटीत आलेला. तिथल्या निकोलस लाँगवर्थ नावाच्या धनिकाच्या घरात त्याने आठ मोठी भित्तिचित्रं काढली, ते घर म्हणजे आजचं टाफ्ट म्युझियम, तीही नेटवर बघायला मिळतात. आता स्टेप १ ची माणसं परत बघा. ज्या काठावर त्याच्यासारखे लोक गुलाम होते तिथे उभं राहून त्याने आपलं शहर रंगवलंय. यात निषेध आहे की गिऱ्हाईकाला आवडेल असा नुसता देखावा, यावर वाद होऊ शकतो, मला तरी ती कपडे वाळत घालणारी बाई उगाच आलेली वाटत नाही.

स्टेप ५. हे चित्र १८४८ मध्ये एका मासिकात आलेल्या छापील चित्रावर बेतलेलं मानतात. ते सापडलं तर दोन्ही शेजारी ठेवून फक्त पुढची माणसं ताडून बघा, इमारतींच्या नादी लागू नका.

स्टेप ६, वेळ असेल तर. कव्हिंग्टनच्या डेव्हू पार्कमधून काढलेला आजचा फोटो शोधा. जॉन रोब्लिंग या इंजिनिअरचा झुलता पूल दिसतो का बघा, तो १८६७ च्या सुमारास पूर्ण झाला, म्हणून डंकन्सनच्या नदीवर पूलच नाही, पलीकडे जायचं तर बोटच.