चित्ररथातली तलवार: फिरवली की लुकलुकते, त्यावर उपाय

बेळगावच्या शिवजयंती मिरवणुकीत एलईडीने उजळणारी तलवार तासभर हवेत फिरते. टेबलावर नीट पेटणारी वस्तू तिथे दगा देते.

पात्यात १२ व्होल्टची एलईडी पट्टी, मीटरला ९.६ वॅटची. ८० सेंमीचे दोन तुकडे पाठीला पाठ लावले की सुमारे १.३ अँपिअर लागतात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी इथे निकामी. काही मिनिटांतच उजेड मंदावतो. १८६५० चे (रिचार्ज होणारे, गोल लिथियम) तीन सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडून घ्या, सोबत तीन सेलचा बीएमएस (सेलना जादा चार्ज-डिस्चार्जपासून वाचवणारं सर्किट) आणि २ अँपिअरचा फ्यूज. २५०० एमएएचचे सेल पावणेदोन तास सहज चालतात.

आता लुकलुकणं. आधी सोल्डरवर संशय गेला, पण दोष सेल-होल्डरच्या स्प्रिंगचा निघाला. तलवार फिरली की सेल पात्याच्या टोकाकडे ढकलले जातात. होल्डरमध्ये सेल उलटसुलट बसतात, त्यामुळे एखाद्याची स्प्रिंग टोकाच्या बाजूला येतेच. ती दबते आणि त्या सेलची मागची बाजू संपर्कातून सुटते. होल्डर काढून सेल निकेल पट्टीने स्पॉट वेल्ड (विजेच्या क्षणिक झटक्याने जोड) करून घेतले. ड्रिल मशीनच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारे हे करून देतात. सेलवर थेट सोल्डर मात्र नको, उष्णतेने तो आतून बिघडतो.

पट्टी टोकाला दुमडू नका, आतलं तांबं तुटतं. कात्रीच्या खुणेवर कापून दोन्ही तुकड्यांना मुठीतून वेगळी वायर द्या. वैशाखातल्या उन्हात मागचा गोंद सुटतो, म्हणून वरून पारदर्शक टेप गुंडाळा. वळवाचा भरवसा नाही. टोकाला सिलिकॉन भरा.