मणक्याची मॅन्युअल थेरपी शिकताय? या चुका टाळा

रविवारी संध्याकाळी मॅन्युअल थेरपीचा, म्हणजे हाताने सांधे हलवून करायच्या उपचारांचा, कोर्स संपतो, प्रमाणपत्र हातात धरून फोटो काढून होतात आणि सोमवारी सकाळी ओपीडीत पहिलाच पेशंट म्हणतो, "मॅडम, उसण भरलीय. जरा मणका बसवून द्या." दोन दिवसांत शिकलेली वीस तंत्रं एकदम डोक्यात गर्दी करतात. त्यातलं कोणतं, कुठल्या मणक्यावर, किती जोराने, आणि मुळात हात लावायचा की नाही, हे काही सुचत नाही. मग वर्गात जे सगळ्यात छान जमलं होतं तेच केलं जातं.

नाशिकमध्ये अशा शनिवार-रविवारच्या वर्गांत मी टेबलांमधून फिरत शिकणाऱ्यांचे हात दुरुस्त करते. हात लवकर सुधारतात. ज्या चुका पेशंटला महागात पडतात त्या हात ठेवण्याच्या आधी झालेल्या असतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कारण समोर दिसलं म्हणून पुढचं न विचारणं

माझीच चूक सांगते. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार, वय पन्नाशीचं, पाठीच्या मधोमध दुखतं म्हणून आले. छाटणीचे दिवस होते. दिवसभर मंडपाखाली मान वर, हात वर. दुखण्याचं कारण मला आयतंच मिळालं. पाठीच्या दहाव्या मणक्याच्या (डी-१०) आसपास दाबलं की दुखत होतं, म्हणून तिथे मोबिलायझेशन, म्हणजे सांधा लयीत हलवणं, सुरू केलं. दोन बैठका झाल्या, तसूभर फरक नाही. तिसऱ्या वेळी त्यांना प्लिंथवर (उपचाराच्या टेबलावर) न झोपवता समोर बसवलं आणि पहिल्यापासून विचारलं. रात्री दुखण्याने जाग येते, संध्याकाळी अंग कसकसतं, पँट सैल झालीय. एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी निघाला. औषधं वेळेवर सुरू झाली आणि ते बरे झाले. पण त्या पोखरलेल्या मणक्यावर मी दोनदा दाब दिला होता, हे मी आजही विसरलेली नाही.

पेशंटचा धंदा हा धागा असतो, निदान नव्हे. लासलगावच्या बाजारात कांद्याची गोणी उचलणाऱ्या हमालालाही कर्करोग होऊ शकतो. आपल्याकडे पाठदुखीच्या प्रत्येक पेशंटला संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन आणि रात्रीचं दुखणं याबद्दल विचारायलाच हवं. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेली म्हातारी बाई असेल तर हाड ठिसूळ आहे असं धरूनच चाला. लघवी अडकतेय, बसायच्या जागेवर बधिरपणा आहे, दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा आहे, असं ऐकलं की त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा. तिथे 'आधी एक सिटिंग करून बघू' हा विचारसुद्धा नको.

मानेच्या बाबतीत आणखी दोन मिनिटं द्या. चाल बघा, हॉफमन, बॅबिन्स्की आणि उलटी सुपिनेटर या प्रतिक्षिप्त क्रियांच्या खुणा तपासा. वय ४५ च्या वर आणि त्यासोबत या चारांपैकी दोन-तीन खुणा दिसल्या, तर मज्जारज्जूवर दाब असण्याची शक्यता मोठी आहे; मग हात मागे घ्यायचा. 'असं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं' अशी नवी मान-डोकेदुखी, सोबत चक्कर, दुहेरी दिसणं, बोलताना किंवा गिळताना अडखळणं असेल तर मानेच्या रक्तवाहिनीचा विचार करा. मान मागे वळवून धरून ठेवण्याची जुनी चाचणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका, तिच्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. रक्तदाब मात्र जरूर मोजा. किती जणांच्या टेबलावर बीपीचं मशीन असतं?

'कट्' आवाजामागे धावणं

आपल्याकडे चमक भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात, हाडवैद्याकडे जातात, आणि 'कट्' वाजलं की मणका जागेवर बसला असं समजतात. पेशंटची ही समजूत मी समजू शकते. फिजिओथेरपिस्टनेही तीच बाळगावी, याचं मात्र वाईट वाटतं. सांध्याचे पृष्ठभाग झटक्यात दूर होताना आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली बोटांच्या सांध्यांवर एमआरआय करून हे दाखवलं गेलं. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण २० मिनिटं लागतात. कंबरदुखीच्या पेशंटवर झालेल्या अभ्यासांत आवाज येण्या-न येण्याचा सुधारणेशी संबंध दिसलेला नाही. त्यामुळे आवाज आला नाही म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा थ्रस्ट (झटका) मारणं ही घातक सवय आहे. एका मणक्याला एकदा. मग पेशंटला उभं करा आणि बघा.

पेशंटला भाषाही नीट द्या. "मणका सरकला होता, मी बसवला" असं सांगितलं की तो माणूस पुढची दहा वर्षं वाकायला घाबरतो. "सांधा आखडला होता, आता मोकळा हलतोय" एवढं पुरतं.

ग्रेडची खिचडी

ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलँड यांचे ग्रेड (तंत्राच्या पायऱ्या) आंदोलनांचे, म्हणजे सांधा लयीत मागेपुढे हलवण्याचे आहेत: १ आणि २ अवरोधाच्या अलीकडे, ३ आणि ४ अवरोधात शिरून. नॉर्वेच्या फ्रेडी काल्टेनबोर्न यांचे तीन ग्रेड सलग धरलेल्या ओढीचे आहेत. दुसऱ्यात ढिलाई संपते, तिसऱ्यात ताण बसतो. केस शीटवर नुसतं 'ग्रेड ३' लिहिलं तर उद्या तुमच्या जागी बसणाऱ्याने काय करायचं? पद्धत, मणका, दिशा, वेळ, सगळं लिहा.

न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांची पद्धत शिकलेले लोक आणखी एक चूक करतात: दुखत असतानाही रेटत राहतात. त्यांचा पहिला नियमच असा की ग्लाइड देताना, म्हणजे सांधा हाताने सरकवून धरताना, हालचाल वेदनेशिवाय झाली पाहिजे. दुखलं तर कोन बदला, मणका बदला, जोर कमी करा. तरीही दुखलं तर ते तंत्र या पेशंटसाठी नाही. मानेत ग्लाइड डोळ्याच्या दिशेने द्यायचा असतो, कारण तिथल्या मणक्यांमधल्या छोट्या (फॅसेट) सांध्यांचा उतार तसा आहे. नवशिक्यांचा हात सरळ पुढे जातो आणि पेशंट कळवळतो.

करून झाल्यावर न तपासणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. आधी एक खूण पक्की करायची: वाकताना बोटं गुडघ्याखाली कुठवर जातात, मान उजवीकडे किती वळते, स्लम्पमध्ये (पोक काढून बसून पाय सरळ करायच्या चाचणीत) कळ कुठे येते. मग ३० ते ६० सेकंदांचे दोन-तीन सेट. मग लगेच तीच खूण पुन्हा. सुधारली तर पुढे, जैसे थे असेल तर एकच गोष्ट बदलायची. शिकाऊ मंडळी मणका, ग्रेड आणि दिशा एकदम बदलतात आणि नेमकं कशाने गुण आला हे कधीच कळत नाही.

मणक्याचा नंबर अचूक सापडला का, याची धास्ती मात्र सोडा. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडल्या की कमरेचा चौथा मणका (एल-४) येतो असं आपण पाठ केलंय. पण चाचपून धरलेली रेषा अनेकदा एल-३/४ वर पडते. नंबरापेक्षा पेशंटचं नेहमीचं दुखणं कुठे जागं होतं, ते शोधा.

अडलं तर

सांधा हलताना जाणवत नसेल तर जोर वाढवू नका, कमी करा. पोटाखाली उशी द्या, पेशंटला श्वास सोडायला सांगा, हळूहळू ढिलाई संपवा. थ्रस्ट लागत नसेल तर ढिलाई पूर्ण घेतलेली नसते किंवा वेगाऐवजी अंतर वाढवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी अंग दुखणं साधारण चालतं, पण ते २४ तासांत ओसरायला हवं आणि त्याची कल्पना आधी द्यायला हवी. पायातली कळ आणखी खाली उतरली तर थांबा. थोड्याशा हालचालीने भडकणारं आणि तासन्‌तास न शमणारं दुखणं असेल, तर पहिल्या दिवशी ग्रेड १-२ च्या पुढे जाऊच नका.

दोन दिवस पुरत नाहीत

मॅन्युअल थेरपीची आंतरराष्ट्रीय संघटना १९७४ साली माँट्रियलमध्ये स्थापन झाली. तिच्या मानकांत ज्येष्ठाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंट पाहण्याचे किमान १५० तास आहेत. आपल्याकडचे वर्ग एवढं देऊ शकत नाहीत, म्हणून ती सोय आपणच करायची. नाशिकच्या कॉलेज रोडवर असा किंवा सिडकोत, आठवड्यातून एक दुपार ज्येष्ठाच्या ओपीडीत उभे राहा, आपला अडलेला पेशंट घेऊन जा, आणि त्यांना तुमच्या हातावर हात ठेवून दाब किती आहे ते सांगू द्या.

एक गोष्ट स्वतःच्या शरीराची. दिवसाला पंधरा-वीस पेशंटवर अंगठ्याने दाब देणाऱ्यांचे अंगठे बुडापाशी दुखू लागतात. शक्य तिथे तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याने दाब द्या, कोपर सरळ ठेवा आणि जोर खांद्यातून येऊ द्या. प्लिंथ उंच असेल तर हे काहीच जमत नाही, तेव्हा आधी ती खाली करून घ्या.