कसरतीच्या आरसी (रेडिओ-नियंत्रित) विमानासाठी इंजिन, मोटर आणि सुटे भाग कसे निवडावेत

बहुतेक जण आधी मोटर पसंत करतात आणि मग बाकीचे भाग तिच्याभोवती गोळा करतात. हिशेब उलट बाजूने मांडा: विमान पूर्ण तयारीनिशी किती भरेल आणि त्याच्याकडून काय करून घ्यायचे आहे, हे आधी ठरवा.

१. जोर ठरवा

लूप, रोल, उलटे उड्डाण एवढेच हवे असेल तर पंख्याचा (प्रोपेलरचा) जोर विमानाच्या वजनाइतका असला की भागते. थ्रीडी, म्हणजे हवेत टांगून राहण्यासारख्या कसरती, करायच्या असतील तर तो किमान दीडपट हवा. नाक वर करून विमान हवेत जागच्या जागी टांगले, की पंख काहीच उचलत नाहीत. सगळा भार पंख्यावर येतो, शिवाय तिथून वर निसटायलाही जोर शिल्लक लागतो. इलेक्ट्रिक विमानासाठी ढोबळ हिशेब असा: साध्या कसरतीला किलोमागे सुमारे ३३० वॉट, थ्रीडीला ४४० किंवा जास्त.

२. इंधन की बॅटरी?

मध्यम आकारापर्यंत माझे मत सरळ इलेक्ट्रिकच्या बाजूने. जोर लगेच मिळतो, थरथर कमी, आणि उलट्या विमानात इंजिन बंद पडण्याची धास्ती नाही. एफएआय या जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या एफथ्रीए या कसरत-गटाच्या स्पर्धांतली दोन मीटर पंखविस्ताराची विमानेही आता मोठ्या प्रमाणावर बॅटरीवरच उडतात.

ग्लो इंजिन (मिथेनॉलच्या इंधनावर चालणारे छोटे इंजिन) घ्यायचेच असेल तर ०.४६ घनइंच (७.५ सीसी) हा जुना, खात्रीचा आकार. फोर-स्ट्रोक घेताना मात्र सीसी वाढवून घ्या, कारण तेवढ्याच सीसीत त्याची ताकद टू-स्ट्रोकपेक्षा कमी भरते. टाकी कार्ब्युरेटरच्या पातळीत बसवा, नाहीतर विमान उलटे होताच मिश्रण बिघडते. पेट्रोल इंजिन मोठ्या विमानांसाठीच. ५० सीसीचे इंजिन साधारण सव्वादोन मीटर पंखविस्ताराला शोभते. त्याचे इग्निशन रिसीव्हरपासून (रेडिओ संदेश घेणाऱ्या भागापासून) जमेल तितके लांब ठेवा.

३. पंखा, मोटर, ईएससी, बॅटरी

समजा विमान दीड किलोचे आणि थ्रीडीचे आहे. १.५ गुणिले ४४० म्हणजे ६६० वॉट. चार सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी नावाला १४.८ व्होल्टची, पण भाराखाली १४ धरा. करंट आला सुमारे ४७ अँपिअर. त्यावर थोडी सवड ठेवून ईएससी, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग, ६० अँपिअरचा.

थ्रीडीला व्यास मोठा आणि पिच (एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर) कमी असलेला पंखा लागतो. इथे १३×६.५ (व्यास × पिच, इंचांत) चालेल. तो फिरवायला ८०० ते ८५० केव्हीची मोटर. केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टमागे मिळणारे दर मिनिटाचे फेरे. हा आकडा मोठा म्हणून मोटर ताकदवान ठरत नाही. मोठ्या पंख्यावर जास्त केव्हीची मोटर लावली तर ती तापून जळते.

बॅटरी २६०० एमएएच घेतली तर ४७ अँपिअर म्हणजे १८ सी, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या १८ पट करंट. वेष्टनावरचे सी आकडे सढळ हाताने छापलेले असतात, म्हणून ३५ सीच्या खाली जाऊ नका. मोठी बॅटरी घेऊन मिनिटे वाढवण्याचा मोह टाळा; वाढलेले वजन प्रत्येक कसरतीत जाणवते.

४. सर्वोवर काटकसर नको

पैसे वाचवायचे तर मोटरवर वाचवा. सर्वो म्हणजे विमानाचे हलते नियंत्रण-पृष्ठभाग वळवणारी छोटी मोटर. तिचे दाते प्लास्टिकचे असले, तर एका जोरकस डाइव्हनंतर ते उडू शकतात. म्हणून धातूचे दाते घ्या. वरच्या दीड किलोच्या विमानाला अडीच-तीन किलो-सेंटीमीटर ताकदीचे सर्वो, ५० सीसीच्या विमानाला पंधराच्या वरचे. हा आकडा किती व्होल्टवरचा आहे, तेही पाहा: ८.४ व्होल्टवरची ताकद ६ व्होल्टवर मिळत नाही. थ्रीडीसाठी लांब आर्म लावला की पृष्ठभाग जास्त वळतो, पण जोर तेवढाच घटतो. लिंकमध्ये ढिलाई असेल तर वेगात पृष्ठभाग फडफडू लागतो आणि तुटतो.

सर्वोंना वीज पुरवणारा बीईसी इथेच विसरला जातो. चारही डिजिटल सर्वो एकदम ओढू लागले आणि बीईसी तोकडा पडला, तर व्होल्टेज कोसळते, रिसीव्हर पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्या वेळात विमान कोणाचेच ऐकत नाही. मोठ्या विमानात रिसीव्हरसाठी दोन स्वतंत्र बॅटऱ्या ठेवा.

५. उडवण्याआधी

बॅटरी मागेपुढे सरकवून गुरुत्वमध्य निर्मात्याने सांगितलेल्या जागी आणा, पहिल्या उड्डाणाला किंचित पुढेच. विमान घट्ट धरून, पंख्याच्या रेषेत कोणी नाही हे पाहून, वॉटमीटरवर पूर्ण थ्रॉटलचा करंट मोजा. तो ईएससीच्या मर्यादेजवळ गेला तर पंख्याचा पिच एका इंचाने उतरवा आणि पुन्हा मोजा. शेवटी रेंज आणि फेलसेफ तपासा: ट्रान्समीटर बंद करताच मोटर थांबली पाहिजे.