लिलीची पिल्लं लावताना

विरारजवळच्या आमच्या आगाशीच्या वाडीत लिली म्हणजे एकच, पांढरी, कोळ्याच्या पायांसारख्या सहा लांब पाकळ्यांची. दादरच्या फुलबाजारात जिच्या कळ्यांच्या जुड्या दिसतात ती. रंगीत लिलीचे कंद मी एकदा हौसेने आणले होते. एकदा फुलले, पुढच्या पावसात कुजले. त्या थंडी मागणाऱ्या जाती. त्यांतल्या काहींना पानांच्या बेचक्यात काळ्या मण्यांसारख्या कंदिका धरतात, त्या रुजवता येतात. आपल्या दमट हवेत तो नाद नको.

आमच्या लिलीची पिल्लं जमिनीखाली, मूळ कंदाच्या कडेला धरतात. चार-पाच वर्षांत कंद एकमेकांना ढकलत वर येतात, पानं दाट नि फुलं कमी होतात. मग मे महिन्यात उपटायची, तेव्हा माती झटकली की सुटते. कुदळ वीतभर लांबच मारा. घाईत जवळ मारून मी कितीतरी कंद चिरलेत, आणि चिरलेला कंद पावसात पहिला सडतो. पिल्लं हाताने पिळून सोडवा. बूड तुटलं तर ते रुजत नाही. चीक खाजतो, मोजे घाला. कंद विषारी आहे, कांदे समजून कुणी उचलेल अशा जागी ठेवू नका. पानं-मुळं छाटून चार दिवस सावलीत पसरा.

आता निवड. हे काम उभ्या-उभ्या होत नाही, तीन टोपल्या घेऊन बसायचं. लिंबाएवढे नि मोठे एकीत, सुपारीएवढे दुसरीत, त्याहून बारके तिसरीत. पहिल्या वर्षी मी सगळे एकाच वाफ्यात लावले होते. मोठे त्याच पावसात फुलले, बारके त्यांच्या पानांखाली दबून पिवळे पडले. तेव्हापासून मोठे थेट वरंब्यावर दीड-दोन फुटांवर, आणि सुपारीएवढे बावखलाजवळच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याजवळच्या वाफ्यात वीतभर अंतराने, वर्षभर नुसती पानं वाढवायला. पुढच्या मेमध्ये ते जागेवर जातात. बारके मी मागेल त्याला देऊन टाकते.

पहिल्या पावसाने माती बसली की शेणखत घालून लावा, कंदाची मान मातीवर दिसू द्या. आमची जमीन रेताड, पाणी धरत नाही. तुमची भाताची चिकण असेल तर वरंबा उंच करा.

काळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या अळ्या पानं फस्त करत जातात. दिसल्या की वेचून साबणाच्या पाण्यात टाका. एखादं फूल तोडायचं राहिलं तर हिरव्या, मांसल बिया धरतात. त्यांनाही लोक पिल्लं समजतात. रुजतात त्या, पण फुलं बघायला फार थांबावं लागतं.

कळी संध्याकाळी उमलते, म्हणून पहाटे डोक्याला बॅटरी बांधून तोडायची. 50 काड्यांची जुडी, वर केळीच्या सोपटाचा बंध, आणि विरारहून लोकल. उमललेलं फूल बाजारात कोणी घेत नाही, ते आमच्या देव्हाऱ्यात जातं.